रेंडर लावलाय, लाईट जायला नको!

नाशिकमध्ये कॉम्प्युटरच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" दुसरा प्रश्न बहुधा येतच नाही. वडील आकडा सांगतात, मुलगी मोबाईलवर जमवलेली यादी पुढे करते, दुकानदार त्यातल्या दोन वस्तू खोडून स्वतःकडे शिल्लक असलेल्या दोन लिहितो आणि अर्ध्या तासात ॲडव्हान्स दिला जातो. दहावी-बारावीच्या निकालांनंतर आणि पुन्हा दिवाळीच्या ऑफरांत, कॅनडा कॉर्नरपासून महात्मा गांधी रोडपर्यंत हे असंच चालतं.

पूर्वी या गिऱ्हाइकांत इंजिनीअरिंगची पोरं जास्त दिसायची. आता "ॲनिमेशन शिकायचंय", "थ्रीडी मॉडेलिंग करायचंय" असं सांगणारीही येतात. जुलै २०२५मध्ये ‘महावतार नरसिंह’ हा ॲनिमेशनपट देशभर चालला. त्याच वर्षी सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. "चित्रं काढून पोट भरतं का?" हा घरातला सवाल त्यामुळे जरा मवाळ झाला. पण धोरण मंत्रालयात ठरतं. कॉम्प्युटर मात्र घरच्या पैशांतूनच घ्यावा लागतो. आणि तो घेताना "बजेट किती" याच्या आधी "बनवायचं काय" हे विचारणारं कुणी भेटत नाही. या लेखाचा सगळा खटाटोप त्या एका प्रश्नासाठी आहे.

नाशिकच्या मातीला हा पेच नवा नाही. चित्र हलवण्यासाठी पहिलं यंत्र कोणतं घ्यावं आणि पैसे कुठून आणावेत, यात त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके पुरते अडकले होते. १९११मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहून त्यांनी ध्यास घेतला. पण उठले आणि मोठा कॅमेरा घेऊन आले, असं झालं नाही. आधी एक छोटा कॅमेरा आणि थोडी रिळं आणली, घरातल्या भिंतीवर मेणबत्तीच्या उजेडात चित्रं पाडून पाहिली, इतके चित्रपट पाहिले की डोळे बिघडले. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून कर्ज काढलं आणि फेब्रुवारी १९१२मध्ये लंडन गाठलं. तिथे ‘बायस्कोप’ या नियतकालिकाचे संपादक केबर्न यांना भेटले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं आणि मगच विल्यमसन कंपनीचा कॅमेरा ठरवला. किंमत सुमारे ५० पौंड. सोबत फिल्मच्या कडांना भोकं पाडायचं यंत्र. ही भोकं पाडण्याचं कटकटीचं काम पुढे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावर घेतलं.

परत आल्यावर फाळक्यांनी काय केलं, ते ॲनिमेशनच्या विद्यार्थ्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. भांडवलदाराला खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा समोर ठेवून रोप वाढताना टिपलं. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ती फिल्म ओळखली जाते. महिनाभर रोज एक चौकट टिपली आणि मिनिटभराची फिल्म झाली, अशी कथा सर्रास सांगितली जाते. हिशेब करून पाहा. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चौकटी लागायच्या. म्हणजे मिनिटाला ९६०. रोज एकच टिपली असती तर अडीच वर्षांहून जास्त लागली असती आणि वाटाण्याचा वेल कधीच वाळून गेला असता. दिवसाला तीसेक चौकटी तरी टिपल्या असणार. पुढे १९१५मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. काड्या थोड्या सरकवायच्या, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायच्या. भारतीय ॲनिमेशनचा आरंभ सांगताना हे नाव पहिल्या काहींत येतं. त्या फिल्मची प्रत आज उपलब्ध नाही. पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. तिथे सहलीला गेलेल्या किती शाळकरी मुलांना आगकाड्यांची ही गोष्ट सांगितली जाते, कोण जाणे.

चौकटींचा हा हिशेब आजही तोच आहे, फक्त १६च्या जागी २४ आल्या. मिनिटभराच्या फिल्मला १,४४० चौकटी. कॉम्प्युटरमध्ये उभं केलेलं पात्र, त्याच्यावरचा उजेड, सावल्या, काचेतलं प्रतिबिंब, हे सगळं गणित करून एक पक्की चौकट तयार करणं म्हणजे रेंडर. एका चौकटीला दोन मिनिटं लागली तर १,४४० चौकटींना २,८८० मिनिटं, म्हणजे सलग ४८ तास. दुप्पट वेगाचं यंत्र असेल तर एक दिवस. महागड्या यंत्राचे जास्तीचे पैसे बहुतांशी या वाट बघण्यातल्या फरकाचे असतात. ते पैसे मोजायचे की नाही, हे तुम्ही किती रेंडर करणार यावर ठरतं.

आणि पहिल्या वर्षी विद्यार्थी फार थोडं रेंडर करतो. चेंडू उसळवतो. पोतं उड्या मारतंय असं दाखवतो. पात्राला चालायला शिकवतो, आणि ते महिनाभर लंगडतच चालतं. मॉडेलिंग करणारा खुर्ची, कप, बैलगाडी बनवतो. यातलं बहुतेक काम राखाडी रंगात, सावलीशिवाय, पडद्यावर थेट दिसत राहतं. त्याला लागतो चपळ प्रोसेसर, पुरेशी रॅम आणि बरा पडदा. राक्षसी ग्राफिक कार्ड लागत नाही.

नाशिकमध्ये ‘मॉडेलिंग’ म्हटलं की मात्र एक घोटाळा ठरलेला. या गावाला थ्रीडी मॉडेल नवं नाही. सातपूर, अंबडच्या औद्योगिक वसाहतींतल्या टूलरूममध्ये, बॉश आणि महिंद्रसारख्या कारखान्यांच्या पुरवठादारांकडे, ओझरच्या एचएएलभोवती, डाय आणि पार्ट कॉम्प्युटरवर उभे राहून मग सीएनसीवर चढतात. ते मॉडेलिंग मापाचं. तिथे मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तर माल परत येतो. ॲनिमेशनचं मॉडेलिंग दिसण्याचं. नाक थोडं मोठं झालं तर झालं, कदाचित बरंच दिसेल. दोन्हींची सॉफ्टवेअर वेगळी, आणि म्हणून यंत्रंही वेगळी. सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर चालतं. त्याचं बरंचसं काम एकाच कोअरच्या वेगावर अवलंबून असतं, त्यामुळे सोळा कोअर घेऊन पंधरा नुसते बसून राहतात. काका अंबडला डिझायनर आहेत म्हणून त्यांच्या सल्ल्याने यंत्र घेतलं, आणि पुतणी निघाली कार्टून बनवायला, असं घरोघरी होतं. काकांचं चुकत नाही, त्यांचं काम निराळं आहे.

तिसरी वाट बिल्डरांची. गंगापूर रोड आणि पाथर्डी फाट्याकडच्या नव्या इमारतींच्या जाहिरातीत जे ‘वॉकथ्रू’ दिसतात, लॉनवर कुत्रं फिरवणारं गोरं कुटुंब वगैरे, ते ल्युमियनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये बनतात. त्यांना ग्राफिक कार्ड खरोखर दणकट लागतं. सराफ बाजाराकडे वळायचं असेल तर दागिन्यांचं मॉडेलिंग. त्यात पुन्हा मापाला महत्त्व. थोडक्यात, विद्यार्थ्याला सहा महिन्यांनी नेमकं काय करायचंय हे माहीत नसेल, आणि पहिल्या वर्षी ते कुणालाच नसतं, तर आज अवाढव्य यंत्र घेण्यात अर्थ नाही. पुढे वाढवता येईल असं घ्यावं.

इथेच लॅपटॉप की डेस्कटॉप हा वाद निघतो, आणि मी सरळ बाजू घेतो. मुलगा पुण्या-मुंबईला हॉस्टेलवर जाणार असेल तर लॅपटॉपला इलाज नाही. नाशिकमध्ये घरी राहून शिकणार असेल तर असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप घ्यावा. तेवढ्याच पैशांत तो जास्त काम देतो, तापला तरी श्वास घेतो, आणि दोन वर्षांनी नुसतं कार्ड बदललं तरी नवा होतो. लॅपटॉपचं ग्राफिक कार्ड बदलता येत नाही. हलक्या लॅपटॉपमध्ये हल्ली रॅमही बोर्डवरच चिकटवलेली असते.

शिवाय लॅपटॉपच्या खोक्यावरचं नाव फसवतं. आरटीएक्स ४०६० हे एकच नाव, पण लॅपटॉपमध्ये ते कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कोणत्याही शक्तीवर चालवलेलं असू शकतं. ते कंपनी ठरवते. पातळ, देखणा लॅपटॉप घेतला तर कार्ड तेच, पण निम्म्या ताकदीचं. दुकानात "आरटीएक्स आहे ना?" एवढं विचारून भागत नाही; "किती वॉटचं?" असं विचारायचं. उत्तर आलं नाही तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचा पूर्ण क्रमांक टाकून पाहायचं. नाशिकला थंड हवेचं गाव म्हणण्याची आपली हौस जुनी आहे, पण एप्रिल-मेमध्ये पारा ४०च्या वर जातो. पत्र्याखालच्या खोलीत, गादीवर ठेवलेला लॅपटॉप रेंडरला लावला की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. सव्वा लाखाचा लॅपटॉप मग दुपारी सत्तर हजारांचं काम करतो.

आता आकडे. शिकण्यासाठी आज सगळ्यात सोयीचं सॉफ्टवेअर म्हणजे ब्लेंडर. त्याच्या निर्मात्यांनी सांगितलेली किमान गरज आहे चार कोअरचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि २ जीबीचं ग्राफिक कार्ड. शिफारस आहे आठ कोअर, ३२ जीबी रॅम आणि ८ जीबीचं कार्ड. किमान म्हणजे सुरू होतं, एवढंच. माझ्या मते सहा कोअर, १६ जीबी रॅम आणि ८ जीबीचं कार्ड इथून सुरुवात करावी, आणि पैसे खरंच कमी असतील तर कार्ड वर्षभर पुढे ढकलावं, रॅम नव्हे. फक्त त्यासाठी प्रोसेसर अंगच्या ग्राफिक्सचा घ्यायला हवा, नाहीतर कार्डाशिवाय पडदाच लागायचा नाही. रॅम कमी पडली की यंत्र प्रत्येक क्लिकला रेंगाळतं आणि शिकणाऱ्याचा जीव उबतो. कार्ड नसेल तर फक्त रेंडर उशिरा होतो.

कार्डाच्या स्वतःच्या मेमरीकडे वेगाइतकंच लक्ष हवं. रेंडर करताना सगळं दृश्य, पात्रं, झाडं, भिंतींचे पोत, त्या मेमरीत बसावं लागतं. नाही बसलं तर काम रखडतं किंवा बंदच पडतं. म्हणून आरटीएक्स ३०६०चं १२ जीबीचं जुनं कार्ड नवीन ८ जीबीच्या कार्डांपेक्षा मंद असूनही ब्लेंडरवाल्यांत अजून टिकून आहे. ब्लेंडरचं रेंडरिंग एनव्हीडियाच्या कार्डांवर सगळ्यात सुरळीत चालतं, हेही ध्यानात ठेवावं. एएमडीचं कार्ड खेळासाठी त्याच पैशांत सरस असलं तरी इथे तो हिशेब उलटतो. आणि "ग्राफिक कार्ड आहे साहेब, चार जीबी" म्हणून जीटी ७३० गळ्यात मारलं जात असेल, तर ते कार्ड २०१४ साली बाजारात आलंय, एवढं सांगून पुढे चालू पडावं.

रॅमचं गणित २०२५च्या अखेरीस बिघडलं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिन्ही बड्या कंपन्यांचा माल तिकडे वळला, आणि डिसेंबरात तर मायक्रॉनने ‘क्रुशल’ हा किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी चॅटबॉटशी गप्पा मारतो आणि पंचवटीतल्या मुलीची रॅम महागते. यावर तोडगा साधा आहे. १६ जीबीची एकच पट्टी घ्यावी, बोर्डवर दुसरी जागा रिकामी ठेवावी, भाव उतरले की दुसरी लावावी. दोन पट्ट्यांचा जो वेग मिळतो तो तोवर मिळणार नाही, चालतं.

मॅकबद्दल हमखास विचारलं जातं. ॲपलचा मॅक मिनी नोव्हेंबर २०२४मध्ये १६ जीबी मेमरीसह भारतात ५९,९०० रुपयांना आला, तेव्हा मीही चमकलो. ब्लेंडर, माया त्यावर छान चालतात, वीज कमी खातो, आवाज करत नाही. पण थ्रीडीएस मॅक्स आणि सॉलिडवर्क्स त्यावर चालत नाहीत आणि मेमरी नंतर वाढवता येत नाही. नाशिकमध्ये, जिथे शिकता शिकता सातपूरच्या कामाकडे वळण्याची शक्यता प्रत्येकाच्या नशिबात थोडीफार असते, तिथे पहिलं यंत्र म्हणून मी तो सुचवणार नाही.

पडद्याबाबत एकच सांगतो. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असेल तर तो पडदा रंग धड दाखवत नाही. त्यावर लाल म्हणून रंगवलेला गुलाल दुसऱ्याच्या मोबाईलवर भगवा दिसतो. ‘१०० टक्के एसआरजीबी’ शोधावं. आणि दोन-चार हजार वाचवून चित्र काढायची पेन टॅब्लेट घ्यावी, साधी, पडदा नसलेली. माउसने चेहरा घडवणं म्हणजे हातमोजे घालून रांगोळी काढणं.

कोटेशनमध्ये एक खर्च कुणीच लिहीत नाही, तो विजेचा. तीनशे वॉट खाणारं यंत्र ४८ तास रेंडरला बसलं तर साडेचौदा युनिटच्या आसपास वीज लागते. त्याचं विशेष काही नाही. खरी भीती लाईट जाण्याची. रात्री अकराला "रेंडर लावलाय, कुणी बटणाला हात लावू नका" असं घरात बजावून झोपावं, आणि पहाटे महावितरणने झटका द्यावा. बाजारातला नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतच भार पेलतो, तोही काही मिनिटं. दणकट कार्ड भर रेंडरमध्ये असेल तर तो लाईट गेल्याच्या क्षणी ओरडून बंद पडतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं ‘यूपीएस मोड’चं बटण लावून पाहावं, त्यात वीज पालटायला इतका कमी वेळ लागतो की कॉम्प्युटर बंद पडत नाही. आणखी सोपी युक्ती सॉफ्टवेअरमध्येच आहे. सरळ व्हिडिओ फाईल न बनवता प्रत्येक चौकट वेगळं चित्र म्हणून साठवायची. आठशे सातव्या चौकटीला लाईट गेली तर पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. व्हिडिओ फाईल अर्धवट राहिली तर बहुधा उघडतच नाही. हे शिकवायला पाच मिनिटं लागतात, तरी अनेक जण रडून शिकतात.

सॉफ्टवेअरच्या पैशांचं काय? "सगळं टाकून देतो" या दुकानी वाक्यात क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर येतं आणि त्यासोबत व्हायरसही फुकट. आज त्याची गरज उरलेली नाही. ब्लेंडर पूर्ण मोफत आहे. टॉन रूसेनडाल या डच माणसाची कंपनी बुडाली तेव्हा वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून २००२मध्ये एक लाख युरो जमवले आणि ते सगळ्यांसाठी खुलं करून घेतलं. गणेशोत्सवाच्या वर्गणीवर वाढलेल्या आपल्याला हे पटायला हवं. मान्यताप्राप्त संस्थेत शिकणाऱ्यांना ऑटोडेस्क मायाही विनामूल्य देते. चित्रकलेसाठी क्रिटा, मापाच्या मॉडेलिंगसाठी फ्रीकॅड.

‘फुकटच्या सॉफ्टवेअरने काय होणार’ म्हणणाऱ्यांसाठी लॅटव्हियाचं उदाहरण पुरेसं आहे. गिंट्स झिलबालोडिस यांचा ‘फ्लो’ हा मांजराचा चित्रपट ब्लेंडरमध्ये बनला आणि मार्च २०२५मध्ये त्याने सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचं ऑस्कर घेतलं. रेंडरिंगसाठी कॉम्प्युटरची फौज लावली नव्हती. दिग्दर्शकाच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर ब्लेंडरमधल्या ‘ईव्ही’ या झटपट पद्धतीने ते केलं. ‘ईव्ही’ प्रकाशाचा प्रत्येक किरण मोजत बसत नाही, खेळांसारखं भराभर चित्र काढतं. थोडा खोटेपणा चालवून घेतं. १९९५च्या ‘टॉय स्टोरी’ला सन कंपनीचे ११७ कॉम्प्युटर लागले होते आणि एकेका चौकटीला कित्येक तास. तीस वर्षांत एवढा फरक पडला, त्यामुळे आपल्या पहिल्या यंत्राच्या वेगाची लाज बाळगायचं कारण नाही.

जुना माल घ्यावा का? ऑफिसांतून निघालेले डेल, एचपीचे डेस्कटॉप स्वस्त मिळतात आणि बांधणीला भक्कम असतात. दोन गोष्टी तपासा. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. दुसरं, त्या बारक्या डब्यांतला पॉवर सप्लाय लहान असतो. पुढे मोठं कार्ड लावता येणार नाही. एकटं जुनं ग्राफिक कार्ड मात्र ओळखीच्या माणसाकडूनच घ्यावं.

हप्त्यांवर लाखाचा गेमिंग लॅपटॉप घेणाऱ्या पालकांना माझं म्हणणं कंजूसपणाचं वाटेल. पण हे शिक्षण अर्ध्यावर सोडणारे कमी नसतात. लंगडणारं पात्र पंधराव्या दिवशीही लंगडत राहिलं की उत्साह ओसरतो. घरात आधीच जो कॉम्प्युटर आहे त्यावर ब्लेंडर टाकून तीन महिने काम करू द्या. मोबाईल स्टँडला लावून आगकाड्या सरकवायला तर तोही लागत नाही. तीन महिन्यांनी पोरगं स्वतःच नेमकं सांगेल की काय अडतंय, रॅम, कार्ड की पडदा. मग कर्ज काढायला हरकत नाही. फाळक्यांनीही काढलं होतं.

दुकानात जाताना मुलीने स्वतः केलेली एक फाईल पेनड्राइव्हवर न्या आणि ती त्या यंत्रावर उघडून, एक चौकट रेंडर करून किती सेकंद लागतात ते मोजा. दुकानदार कुरकुर करील, करू द्या. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर कार्ड, रॅम आणि पॉवर सप्लायचे सिरियल नंबर लिहून घ्या, आणि कार्डाचं खोकं वॉरंटी संपेपर्यंत रद्दीवाल्याला देऊ नका.